हत्तिणीचा खांदा बसवणारी गोजाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाथरघाटात तेव्हा रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती. आणि तीही अशी उभी, की चढताना मागच्याचं नाक पुढच्याच्या टाचेला लागावं. त्या घाटाच्या पायथ्याशी हिरडेमेट नावाचं गाव आहे. त्या गावात एक बाई होऊन गेली. तिचं नाव गोजा. आज लहानथोर सगळे तिला गोजाई म्हणतात, पण जन्मली तेव्हा ती धुळबा धनगराची धाकटी लेक गोजी होती, आणि तिचं घर म्हणजे मेंढरांमागून चालणारं एक पाल होतं.

धनगराच्या पोरीला जे येतं ते तिला येत होतं. लोकर पिंजणं, दूध काढणं, लांडग्याची चाहूल ओळखणं. पण एकदा उतरणीवर एका कोकराचा पाय दगडात अडकला आणि कडकन मोडला. धुळबानं सुरी काढली. त्यानं आणि त्याच्या बापानं आजवर हेच केलं होतं.

"पाय मोडलेलं मेंढरू म्हंजी चुलीवरचं मेंढरू," तो म्हणाला. "सोड त्याला."

"न्हाय सोडायची," गोजी म्हणाली, आणि कोकराला पोटाशी धरून पालामागं जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही, जेवलीही नाही. शेवटी धुळबानंच सुरी खोचून ठेवली आणि बांबूच्या दोन कामट्या तासून तिच्याकडे टाकल्या.

गोजीनं कामट्या लावल्या, लोकरीनं पाय गुंडाळला आणि दोरी करकचून आवळली. सकाळी पाहते तर कोकराचा खूर थंडगार. तिनं घाईनं दोरी सैल केली, खूर हातात घेऊन चोळत बसली, तेव्हा कुठं ऊब परत आली. हाड धरून ठेवायचं, पण रक्ताची वाट अडवायची नाही, हा तिचा पहिला धडा. पाय जुळला, पण वाकडा. कोकरू जगलं, कळपात फिरलं, नाचलंसुद्धा. पण प्रत्येक पावलाला ते लंगडायचं आणि गोजीच्या काळजात कळ उठायची. बाकीचे म्हणाले, जगलं ना, झालं. गोजी म्हणायची, वाकडं का बसलं?

हे आत पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याच साली धुळबाचा म्हातारा एडका पठारावर मरून पडला. गिधाडांनी त्याचं मांस नेलं, उरलंसुरलं मुंग्यांनी नेलं, उन्हानं हाडं पांढरीधोप केली. गोजीनं ती सगळी घोंगडीत गोळा केली आणि सपाट खडकावर एकेक मांडायला बसली. एका हातात एडक्याचं हाड आणि दुसऱ्या हातानं स्वतःचाच हात, स्वतःचाच पाय चाचपत.

मांडीच्या हाडाला वरच्या टोकाला लिंबाएवढा गोळा होता आणि कमरेच्या हाडात तो गोळा बसेल एवढी खोल उखळी होती. गोळा उखळीत टाकला की तो कुठंही फिरे, पण सहजी निसटत नसे. खांद्याची मात्र तऱ्हा वेगळी. तिथं गोळा होता, पण उखळ नव्हती, उथळ बशी होती. म्हणून पुढचा पाय मोकळा फिरतो आणि म्हणूनच तो चटकन निखळतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अंगाला उघडमीट करत होता. मानेतल्या वरच्या दोन मणक्यांपाशी ती सगळ्यात जास्त रेंगाळली. खालच्याला खुंटा होता आणि वरचा त्या खुंट्याभोवती गरगर फिरत होता. अगदी जात्याच्या दोन तळ्या! मान वळते ती अशी. आणि फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड धडाला कुठं जोडायचं हे शोधताना तिची दुपार गेली, कारण ते कुठंच जोडलेलं नव्हतं. मेंढराचा पुढचा पाय बरगड्यांवर मांसानं टांगलेला असतो. माणसाला गळ्याखाली आडवी हासळी असते, ती खांदा तोलून धरते; मेंढराला ती नसते. गोजीनं आपल्या हासळीवरून बोट फिरवलं आणि एडक्याच्या छातीकडे पाहून मान डोलावली.

असं म्हणतात, की तिनं शेपटीचं शेवटचं हाड बसवलं तेव्हा तो एडका उभा राहिला, खडकावर चार पावलं चालला आणि मग पुन्हा हाडांचा ढीग झाला. धुळबानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असं म्हणतात. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण त्या दिवसानंतर त्यानं मोडक्या पायाच्या मेंढराला कधी सुरी लावली नाही, एवढं मात्र खरं. मोडलं की गोजीला हाक.

पुढं गोजीचं लग्न झालं. नवरा सिदू, हिरडेमेटचाच धनगर. बोलायला कमी, हसायला जास्त. पालावर राहणारी पोर गावच्या कडेला घर करून राहू लागली आणि गोजीची गोजाबाई झाली.

गावाला तिचा गुण कळला तो पाटलीणबाईंमुळं. अंबूबाई पाटलीण म्हणजे गावाची तोफ. सकाळी वाड्याच्या पायरीवर उभ्या राहून त्या जे बोलायला लागत ते ओढ्यापलीकडं ऐकू जाई. एके दिवशी बायकांत बसल्या असताना कुणीतरी काही चावट बोललं, अंबूबाईंनी तोंड उघडून हसू फोडलं, आणि तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मिटेना. लाळ गळू लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, शब्द फुटेना. गावात एकच हाकाटी झाली की पाटलीणबाईंना झपाटलं. कुणी अंगारा आणला, कुणी मिरच्या ओवाळल्या. ज्या बाईंपुढं गाव थरथरत होतं ती बाई लहान पोरासारखी रडत होती.

गोजाबाई दूध घालायला आली होती. तिनं हंडा खाली ठेवला, अंबूबाईंच्या कानापुढं दोन्हीकडं बोटं लावली आणि म्हणाली, "भूत न्हाय काय न्हाय. जबड्याची खुंटी खोबणीतनं म्होरं सरकलीया."

तिनं दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं. पाटलीणबाईंच्या तोंडात घालून मागच्या दाढांवर ठेवले. आधी खाली दाबलं, मग मागं लोटलं. टक्क असा आवाज झाला आणि जबडा जागेवर गेला. फडकं गुंडाळलं होतं म्हणून गोजाबाईचे अंगठे वाचले, कारण तोंड मिटलं ते सापळ्यासारखं.

अंबूबाईंनी जबडा हलवून पाहिला. मग पहिलं वाक्य बोलल्या, "शेणामेंढरांतले हात माझ्या तोंडात घालतीस होय गं, सटवे?"

सगळी आळी हसली. अंबूबाईही हसणार होत्या, पण गोजाबाईनं त्यांची हनुवटी धरून ठेवली. "आत्ता हसू नगा, बाईसाहेब. तोंड बांधून ठिवा. पेज प्या. मोठी जांभईबी न्हाय द्यायची."

पाटलीणबाई गप्प राहिल्या ते दिवस हिरडेमेटच्या इतिहासातले सर्वात शांत दिवस होते असं म्हणतात. पण तोंड सुटल्यावर त्यांनी गोजाबाईचं नाव पंचक्रोशीत असं गाजवलं, की घाटावरून आणि घाटाखालून माणसं यायला लागली. झाडावरून पडलेली, बैलानं उडवलेली, ओझ्याखाली सापडलेली. खाटेवर, झोळीत, कुणी मुलाच्या पाठीवर.

गोजाबाई आधी बघायची नाही, आधी ऐकायची. मोडलेल्या जागेवर तळवा ठेवायची आणि डोळे मिटायची. तुटलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर घासली की ती हाताला करकरतात, म्हणायची. निखळलेला सांधा करकरत नाही, तो रिकामा लागतो, गुरं सुटलेल्या गोठ्यासारखा. हाड ओढून सरळ करायची, कामट्या लावायची, हाडसांधीची वेल ठेचून वरून बांधायची. लोक त्या वेलीला हात जोडायचे, तेव्हा ती हसायची. "वेल सूज उतरवती. हाडाला हाडच जोडतं. मी फकस्त दोघांची गाठ घालून देते."

आणि एक गोष्ट ती दर माणसाला बजावून सांगायची. हाड जुळलं की निजून राहायचं नाही. हाडांच्या टोकांना गुळगुळीत कुर्चा असते आणि सांध्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत वंगण असतं. सांधा हलला तर ते त्याला मिळतं; हलला नाही तर गंजलेल्या कडीसारखा धरतो. म्हणून दुखलं तरी हलायचं, थोडं आज, त्याहून जास्त उद्या. रडणाऱ्याचे डोळे ती पदरानं पुसायची, पण चालायला लावायचीच.

अशी वर्षं गेली. मग फौज आली.

कुणाची फौज, कुठं चालली होती, हे आता कुणाला सांगता येत नाही. गावाला फौजा सारख्याच. घोडे होते, बाजारबुणगे होते, आणि घाटावर चढवायची एक भली थोरली तोफ होती. तोफेला ओढायला बैल होते आणि मागून लोटायला एक हत्तीण होती, रंभा. फौजेनं हिरडेमेटात शिरताच दांडगे पुरुष गोळा केले आणि वेठीला धरले. कुणाच्या खांद्यावर दोर, कुणाच्या डोक्यावर दारूगोळा. सिदूलाही नेलं. वेठीला गेलेला माणूस घाट चढून वर गेला की फौजेबरोबर मुलूखभर फिरायचा, आणि परत यायचा की नाही ते देवाला ठाऊक. सगळ्या घरांत चुली विझल्या. बायका ओढ्यापर्यंत मागं गेल्या आणि तिथून शिपायांनी त्यांना हाकलून लावलं.

घाटाच्या अरुंद वळणावर रंभेचा पुढचा उजवा पाय दोन खडकांच्या फटीत गेला. तोफेचा भार मागं आला, हत्तीण पुढच्या अंगानं कोसळली आणि आडवी झाली. वाट बंद. तोफ अडली, घोडे अडले, सगळी फौज खालून वरपर्यंत डोंगराला चिकटून उभी राहिली. रंभेची किंकाळी गावात ऐकू आली, आणि गोजाबाई हातातलं काम टाकून घाटाकडं पळाली. अंबूबाई तिच्यामागं. वाटेत शिपाई आडवे आले तेव्हा पाटलीणबाईंनी तोंड उघडलं, आणि शिपायांनी वाट दिली.

वर सरदार घोड्यावर होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, लगाम एकट्या उजव्या हातात. तो माहुताला म्हणत होता, "उठत नाही तर लोटून द्या दरीत. फौज इथं कुजवू काय?"

माहूत दस्तगीर रंभेच्या सोंडेला मिठी मारून बसला होता. "लेकरू हाय माझं, सरकार. आधी मला लोटा."

शिपाई पहारी घेऊन पुढं झाले होते. गोजाबाई त्यांच्यामधून वाकून आत शिरली आणि कुणी काही म्हणायच्या आत हत्तिणीच्या खांद्यावर तळवा ठेवून डोळे मिटून बसली. आयुष्यात तिनं हत्ती जवळून पाहिलेला नव्हता. हाताखाली डोंगर धडधडत होता. पण त्या डोंगरात कुठंच करकर नव्हती. खांद्याखाली एक जागा रिकामी लागली, आणि तिच्या पुढं, जिथं काही नसावं तिथं, भोपळ्याएवढा गोळा. तिनं हत्तिणीच्या गळ्याखाली हात घातला. हासळी नव्हती. म्हणजे ही मेंढरासारखी! खांदा मांसानं टांगलेला. तिच्या जिवात जीव आला. एवढी मोठी हत्तीण, पण आतून ती तिच्या ओळखीची निघाली.

ती उठली. "सरकार, हिचं हाड मोडल्यालं न्हाय. निखळलंय. मी बसवते."

शिपाई हसले. सरदार हसला नाही. "तू? हत्तीचं?"

"हाड बसलं तर आमच्या गावची माणसं सोडायची. समदी. अन् बिगीनं ठरवा, ही अशी कुशीवर पडून राहिली तर तिच्याच वजनानं तिच्या बरगड्या दबतील, श्वास कोंडंल. ऊन कलायच्या आत मरंल. मग मेलेला हत्ती तुम्हाला लोटतासुदिक येणार न्हाय."

सरदारानं वर पाहिलं. ऊन डोक्यावर होतं. वाट दुसरी नव्हती. "कर," तो म्हणाला. "नाही बसलं तर तूही वेठीला."

"चालंल," गोजाबाई म्हणाली.

मग तिनं अख्ख्या फौजेला कामाला लावलं. आधी पहारींनी खडक हलवून पाय मोकळा केला. घोंगड्या मागवल्या आणि पायाला जाड थर गुंडाळला, दोर कातडीत रुतू नये म्हणून. त्यावर तोफेचा दोर बांधला. धड जागेवर राहावं म्हणून दुसरा दोर पोटाखालून घालून तोफेलाच अडकवला. पहिल्या दोराला तिनं आपल्या गावची माणसं लावली, सिदूला सगळ्यात पुढं, आणि त्यांच्यामागं शिपाई.

"नीट ऐका," ती म्हणाली. "हिसका न्हाय द्यायचा. हाड हट्टी नसतं, त्याला घरी जायचंच असतं. मांस हट्टी असतं. त्ये भ्यालं की आवळून धरतं. हिसका दिला की आणिक भितं. सारखं वढायचं, एका जोरानं, त्ये थकंपर्यंत. दस्तगीरभाऊ, तुम्ही हिच्याशी बोला."

दस्तगीर रंभेच्या कानाशी तोंड नेऊन गाऊ लागला. काय गात होता कुणाला कळलं नाही. दोर ताणला गेला. पिळदार दंड थरथरले, टाचा मातीत रुतल्या. गोजाबाई हत्तिणीच्या खांद्यावर पालथी पडली, कान टेकला आणि एक हात वर धरला. किती वेळ गेला कुणी मोजला नाही. माणसांच्या हातांना फोड आले. सिदूच्या बोटांतून रक्त यायला लागलं, पण त्यानं बायकोच्या वर धरलेल्या हातावरची नजर काढली नाही. आणि मग गोजाबाईला कानाखाली ते ऐकू आलं. मांस थकलं. आवळलेली मूठ सुटावी तसं सैल झालं, आणि हाडाचा गोळा बशीच्या काठावर येऊन थांबला.

"आता खालच्या अंगाला वळवा! हळू! हळू!" ती ओरडली, आणि स्वतः उभी राहून दोन्ही टाचांनी त्या गोळ्यावर सगळा भार टाकला.

असं म्हणतात, की तो आवाज घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कड्यावरची माकडं गप्प झाली, खाली गावातल्या गोठ्यांत गुरं उभी राहिली. रंभेनं एक लांब सुस्कारा सोडला, पाय हलवून पाहिला, आणि मग, सगळा डोंगर उठावा तशी, ती उठली. दस्तगीर हसत होता की रडत होता हे त्याचं त्यालाही समजेना.

सरदारानं हात केला. "माणसं सोडा. शब्द म्हणजे शब्द. आणि हत्तीण तोफेला लावा."

गोजाबाई रंभा आणि तोफ यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "तोफेला न्हाय लावायची."

"बाई, तुझी माणसं मिळाली. वाट सोड."

"सांधा बसला, पर त्याला बांधणाऱ्या शिरा ताणल्यात, काही तुटल्यात. त्या जुळंपतोर खांदा घरात आलेला पावना हाय. कवाबी उठून जाईल. आज वढाय लावली तर फिरून निखळंल, मग निखळतच राहील."

"तुला हत्तीचं काय कळतं?" सरदाराचा आवाज चढला.

गोजाबाई त्याच्या डाव्या हाताकडं पाहत होती. ती वर आल्यापासून तो हात मांडीवरून हलला नव्हता. "सरकार," ती हळू म्हणाली, "तुमचा खांदा कवा निखळला व्हता?"

सरदारानं खूर आपटणारा घोडा आवरला. मग तो म्हणाला, "तरुणपणी. पडलो घोड्यावरून."

"कुणी लगीच लढाईला धाडलं?"

"वडिलांनी. दुसऱ्या दिवशी."

"आता हात खांद्याच्या वर जातो?"

सरदारानं रंभेकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात, जवळच्यांनाच ऐकू जाईल असं, तो दस्तगीरला म्हणाला, "हत्तीण बरी होईपर्यंत इथंच राहा." आणि घोडा वळवला. तोफ त्या दिवशी बैलांनी आणि शिपायांनी वर नेली. अर्ध्या घाटात सरदार स्वतः घोड्यावरून खाली उतरला आणि उजव्या खांद्यावर दोर घेतला असं म्हणतात.

ती फौज पुन्हा त्या वाटेनं आली नाही. दस्तगीरनं वाट पाहिली, मग पाहायची सोडली. रंभा हिरडेमेटचीच झाली. लग्नाच्या वरातीत ती पुढं असायची, आणि गोजाबाईच्या दारी मोडलेलं माणूस आलं की झोळी उचलायला तीच.

पण एक दुखणं गोजाबाईच्या हाताबाहेरचंही होतं, आणि ते तिच्याच घरात आलं. सिदू एकदा मेंढरांसाठी पाला तोडायला उंच झाडावर चढला आणि फांदी मोडली. माणसं त्याला झोळीत घालणार होती, पण गोजाबाई धावत आली आणि म्हणाली, दाराची फळी आणा, त्याला वाकवू नका. फळीवर निजवून आणलं. तिनं त्याच्या पाठीखाली हात सरकवला, एकेक मणका मोजत खाली आली आणि एका जागी थांबली. मणक्यांच्या माळेत मधून एक दोरा जातो. तोच दोरा पायांना चाल म्हणून सांगतो. हाड जुळतं, पण तो दोरा तुटला तर कुणाला जोडता येत नाही.

"काय गं?" सिदूनं विचारलं. "बसवतीस नव्हं?"

आजवर कुणाशी ती खोटं बोलली नव्हती. "न्हाय," ती म्हणाली. "ह्ये मला येत न्हाय."

सिदूनं आढ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. म्या वाट बघत बसलो असतो."

त्या दिवशी ती ओढ्यावर गेली आणि एकटीच रडली. मग तोंड धुऊन घरी आली. जे येत नव्हतं ते सोडून, जे येत होतं ते सगळं तिनं केलं. दर थोड्या वेळानं त्याला कुशीवर वळवायची, म्हणजे पाठीला जखमा पडणार नाहीत. त्याचे निर्जीव पाय रोज उचलून गुडघ्यात, खुब्यात, घोट्यात वाकवायची, म्हणजे सांधे धरणार नाहीत. लोक म्हणत, असा माणूस पावसाळाही काढत नाही. सिदूनं कित्येक पावसाळे काढले. दस्तगीर त्याला रंभेच्या पाठीवर उशा लावून बसवायचा आणि सिदू पठारावर आपल्या मेंढरांमागं हिंडायचा. एवढ्या उंचावरून मेंढरं राखणारा धनगर जगात तो एकटाच, असं तो स्वतःच सांगायचा. पुढं तो झोपेत गेला, बायकोचा हात हातात धरून.

त्यानंतर गोजाबाईनं आपली विद्या वाटायला काढली. तिला मूल नव्हतं. गावातल्या ज्या बायकांना शिकायचं होतं त्यांना तिनं शिकवलं. धनगराची, कुंभाराची, पाटलाची सून, सगळ्या एका पंगतीत बसायच्या आणि एकमेकींचे हात चाचपायच्या. लहान मुलाचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, पूर्ण मोडत नाही, लवतं. म्हाताऱ्याचं वाळल्या काटकीसारखं असतं, त्याला जपून धरा. आणि तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, कवटीची हाडं अजून मिटलेली नसतात. तिथं बोट दाबू नका, तिथून बाळ वाढतं.

सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं हाड गेलं. फार म्हातारी झाली होती. अंगणात पाय घसरला आणि खुब्याशी मोडलं. त्या वयात खुबा मोडला की माणूस खाटेवरून थेट तिरडीवर जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बायका रडायला लागल्या.

"रडताय कशाला?" गोजाबाई म्हणाली. "शिकवलंय कशासाठी? वढा. म्या सांगते तसं."

त्यांनी ओढलं. ती दात आवळून सांगत होती, कुठं धरायचं, कुठं थांबायचं, कामटी किती लांब घ्यायची. पाटलाची सून ओढायला कचरत होती, तर म्हातारीच तिला धीर देत होती. मग ती निजली. कुणाला वाटत नव्हतं ती उठेल. पण एका सकाळी, चैत्र लागला होता आणि पळस फुलले होते, ती काठी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हाड जुळलंय. आता चालाय पायजे." आणि घाटाच्या वाटेला लागली.

एक पाऊल टाकायची आणि थांबायची. गाव मागं गोळा झालं. कुणी उचलून न्यायला पुढं झालं की ती काठी उगारायची. धावत्या पोराला जे अंतर काहीच नाही ते तिला जायला सकाळ गेली. पण त्या सबंध वाटेवर एकानंही तिला मागं टाकलं नाही. तालमीतले गडी, पाटील, डोक्यावर पाटी घेतलेल्या घाईतल्या बायका, सगळे तिच्या पावलाला पाऊल जुळवून तिच्या मागून चालले. ज्या वळणावर रंभा पडली होती तिथपर्यंत ती गेली. खडकावर बसली आणि म्हणाली, "आता दमले बया."

तिथून पुढचं कुणी एकासारखं सांगत नाही. कुणी म्हणतं, ती तिथंच बसल्या बसल्या गेली. कुणी म्हणतं, माणसं पाणी आणायला वळली, आणि परत पाहतात तर खडकावर काठी होती, म्हातारी नव्हती. आणि वरच्या वळणावर एक बाई काठीशिवाय, ताठ, भराभर घाट चढत चालली होती. असं म्हणतात.

खडक अजून आहे. हिरडेमेटची माणसं त्यावर शेंदूर लावत नाहीत, तेल लावतात, सांध्याला वंगण म्हणून. आणि दर चैत्रात, पळस फुलले की, गाव त्या वाटेनं निघतं. वर्षभरात ज्याचा हात, पाय, कंबर मोडली असेल, जो खाटेवरून उठला असेल, तो पुढं. दुकानदार असो, मास्तर असो, सरपंच असो, सगळे मागं. वाजंत्री नसतात, गुलाल नसतो, कुणी कुणाला बिगी बिगी म्हणत नाही. मोटारसायकलवाले घाटात गाड्या बंद करून चालत येतात. पुढचा दमला की थांबतो, आणि तो थांबला की सगळं गाव थांबतं. मग त्याला बरं वाटलं की तो मागं वळून म्हणतो, "चला." त्या दिवशी हिरडेमेटात सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पुढं कुणी जात नाही.